वाढत्या मापाची सायकल

वणीत ज्यांच्या घरात आम्ही सात वर्षं भाड्याने राहिलो, त्या घरमालकांशी रस्त्यात बोलायचं म्हणजे मान दुखायची. ते सायकलवर असत आणि सायकल थांबवत नसत. तुमच्याभोवती गोल फिरत राहत. "बाबूजी, मोटर बंद केली का?" हे समोरून ऐकू यायचं, "काल टाकी वाहून राह्यलती" हे पाठीमागून, आणि "वहिनीले सांगा" हे पुन्हा समोर येता येता. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा माणूस. समोरच्याने एका जागी उभं राहून एक वाक्य पुरं करावं, एवढीच माझी अपेक्षा असते.

शेठ थांबत नसत, कारण त्यांना थांबता येत नसे. गाव त्यांना शेठच म्हणायचं, मीही तेच म्हणतो. त्यांची सायकल चोवीस इंची, काळी, आडव्या दांड्याची, आणि शेठ उभे राहिले तर माझ्या खांद्याला लागतील एवढे. सीटवर बसले की पाय जमिनीपासून चांगलेच वर लोंबायचे. पायडलला त्यांनी दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे बांधले होते, तरी खाली गेलेलं पायडल गाठायला एकदा या कुशीवर आणि एकदा त्या कुशीवर कलावं लागे. मागून पाहिलं तर सायकल सरळ चालली आहे आणि माणूस डुलतो आहे असं दिसायचं.

चढायला आणि उतरायला त्यांना दगड लागे. मारुतीच्या देवळाचा पार, हापशीचा ओटा, नाल्याच्या पुलाचा कठडा, आमच्या फाटकाशेजारची जुनी पाथर, चौफुलीवरचा मैलाचा दगड, हे त्यांचे थांबे. त्यांच्या गावाचा नकाशा एवढाच. हापशीजवळ बसणाऱ्या बाईकडून ते रोज भाजी घेत. एकदा मी म्हटलं, "शेठ, हिची मेथी शिळी असते. पलीकडे ताजी मिळते."

"मालूम हाये," ते माझ्याभोवती वळसा घेत म्हणाले. "पण तठी उतरता येत नाही."

दुकान गणवेशांचं होतं. जूनमध्ये अर्धं गाव तिथे लोटायचं, आणि शेठ गळ्यात टेप अडकवून पोरांची मापं घ्यायचे. ती मापं कशासाठी घ्यायचे हे मला कधी कळलं नाही, कारण घेतलेल्या मापाचा कपडा त्यांनी कोणाला कधी दिला नाही. बाह्या बोटं झाकणाऱ्या, चड्ड्या गुडघ्याखाली. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात चड्डीची कंबर धरून शाळेत जात. एखादी आई म्हणायची, "शेठ, जरा मापाचा द्या ना," की यांचं ठरलेलं उत्तर असे.

"मापाचं कापड मेल्यावर घेतात, बाई. जित्या जिवाले वाढायले जागा लागते."

आई तेच मोठं घेऊन जायची. ती वर्षंही तशीच होती. कापसाला भाव नव्हता. लोकांच्या घरात माजघरापर्यंत कापूस भरलेला, आणि खरेदी कधी सुरू होईल ते कोणी सांगत नव्हतं. पुढच्या जूनला दुकानाची पायरी चढता येईल की नाही याचा भरवसा नाही, तेव्हा आलोच आहोत तर मोठंच घेऊ, हे लोकांनाही पटायचं. पण शेठचं म्हणणं कापसाच्या भावावर अवलंबून नव्हतं. चांगल्या वर्षांतही ते असेच होते, असं जुनी माणसं सांगत.

हा नियम त्यांनी घरालाही लावला होता. आमच्या न्हाणीघराचं दार चौकटीपेक्षा दोन बोटं मोठं होतं, त्यामुळे ते लागत नसे. मी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली. "लाकूड वाळलं की बरोबर बसन," शेठ म्हणाले. आम्ही दाराला पाण्याने भरलेली बादली लावून आंघोळ करू लागलो. लाकूड वाळायची वाट पाहत होतो.

आमची मुलगी पल्लवी पाचवीत गेली तेव्हा शाळा बदलली. नवी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे, आणि त्या रस्त्याने दिवसभर कोळशाचे ट्रक. जून ते दिवाळी तिची आई तिला रोज चौफुली ओलांडून देत होती आणि दुपारी आणायला जात होती. सायकल घ्यायची ठरली. मी कोणतीही वस्तू विचार करून घेतो. सायकलच्या बाबतीत विचार सोपा आहे: सीटवर बसल्यावर मुलाची दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत, हँडल धरताना पुढे ओणवं व्हायला लागू नये, आणि ब्रेकच्या दांडीला बोटं नुसती पोचून उपयोग नाही, ती दाबता आली पाहिजे. त्यासाठी आधी मुलाच्या पायाचं आतून माप घ्यावं लागतं. माप घ्यायला टेप लागतो. घरात टेप नव्हता. म्हणून मी तो शेठकडे मागितला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

"कायले पाह्यजे टेप?"

"पल्लवीच्या पायाचं माप घ्यायचंय. सायकलसाठी."

शेठने टेप गळ्यातून काढला नाही. मला दुकानातल्या बाकावर बसवलं. "बाबूजी, तुमी शिकले-सवरले. पोट्टी वाढन. सायकल वाढन का?"

"नाही वाढणार."

"मंग? दोन सालानं पुन्हा घेसान. पुन्हा दोन सालानं. एकच बाविसी घ्या अन् मोकळे व्हा. लगन होईपर्यंत पुरन."

"शेठ, बावीस इंचीवर तिचा पाय पुरत नाही."

"पुरत नाही म्हणूनच तं म्हणून राह्यलो. पुरला म्हणजे झालं ना वाढून."

टेप मिळाला नाही. मी सुतळीने माप घेतलं आणि सुतळी फूटपट्टीवर मोजली. आडव्या दांड्याची नको, वीस इंची घ्यायची हे नक्की केलं. पगार लांबला होता तो झाला की घेऊ, असं पल्लवीला सांगितलं. इतक्यात मला कामासाठी चार दिवस मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर पाठवलं. दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी परत आलो तर अंगणात झेंडूची माळ घातलेली बावीस इंची काळी सायकल उभी. सीट पल्लवीच्या छातीला लागत होती. ती सीटवर हनुवटी टेकून माझी वाट पाहत होती.

"बाबा, शेठकाकांनी दिली! पाडव्याची!"

मी बायकोकडे पाहिलं. "माझ्याकडे काय पाहता?" ती म्हणाली. "मी बाहेर आले तेव्हा त्यांनी हळदीकुंकू लावून नारळसुद्धा फोडला होता. आता काय, परत न्या म्हणू?"

दिलेली वस्तू, तीही घरमालकाने, तीही पाडव्याला. ती परत कशी करायची याची रीत मला माहीत नाही. मी एवढंच केलं की सायकल गल्लीच्या बाहेर न्यायची नाही असा नियम घातला. शेठलाही समोर बसवून सांगितला. पल्लवीला सीटवर बसता येत नव्हतं, म्हणून ती दांड्याखालून पाय घालून कैची चालवू लागली: सायकल एका बाजूला कललेली, पोरगी दुसऱ्या बाजूला लोंबलेली. उजवा हात सीटवर, डावा हँडलवर. म्हणजे अर्धे ब्रेक हाताबाहेरच.

"सारी वणी कैचीवर शिकली," शेठ म्हणाले.

"तेव्हा वणीत कोळशाचे ट्रक नव्हते."

"ट्रक त्याच्या बाजूनं जाते, आपण आपल्या बाजूनं."

"आणि थांबायचं असलं तर? तिला ब्रेक दाबता येत नाही, पाय टेकत नाही."

शेठने माझ्याकडे खऱ्या दयेने पाहिलं. "थांबायले दगड हायेत ना, बाबूजी."

पंधरा दिवसांत त्यांनी माझ्या मुलीला सगळे दगड शिकवले, गल्लीतले प्रत्यक्ष आणि बाहेरचे तोंडी. सायकल कुठून वळवायची, किती आधी पाय मारणं सोडायचं, डावा पाय दगडावर कसा ठेवायचा. ती त्यात तरबेजही झाली, हेच जास्त चीड आणणारं होतं. एकदा मी तिला कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला सांगितलं तर म्हणाली, "तिथून नको ना बाबा. तिथं उतरता येत नाही."

दूध मीच जाऊन आणलं.

पुढच्या आठवड्यात कापसाची खरेदी सुरू झाली. तीन दिवस गाड्या उभ्या होत्या. रांग आमच्या जिनिंगच्या फाटकापासून थेट चौफुलीपर्यंत गेली होती. बैल सोडलेले, गाड्यांवर कापसाचे ढीग, ढिगांवर माणसं झोपलेली. सकाळी मी रांगेत नंबराच्या चिठ्ठ्या वाटत चौफुलीकडे चाललो होतो. समोर उताराचा रस्ता. त्या उतारावरून दोन काळ्या सायकली येताना दिसल्या. पुढची सरळ, तिच्यावर डुलणारा माणूस. मागची कललेली, तिच्या बाजूला लोंबलेली दोन वेण्यांची मुलगी, पाठीवर दप्तर.

शेठ तिला शाळेत घेऊन चालले होते. पुढे त्यांनी सांगितलं की तिच्या आईची पायपीट वाचवावी असा त्यांचा विचार होता.

खाणीकडून एक भरलेला ट्रक आला आणि चौफुलीवर वळू लागला. लांब ट्रक वळताना सगळा रस्ता अडवतो, मागची चाकं आतल्या बाजूने घासत येतात. कोणाही माणसाने अशा वेळी थांबायचं असतं. या दोघांपैकी एकालाही थांबता येत नव्हतं, आणि चौफुलीवर दगड एकच होता.

मी ओरडलो, पण माझा आवाज माझ्यापर्यंतच राहिला. शेठचा आवाज मात्र सगळ्या रांगेने ऐकला. "माय, दगड धर! दगड! मी नाही घेत, तू घे!"

मैलाचा दगड शेठच्या डाव्या हाताला होता. नुसता पाय टेकायचा होता. ते त्याला ओलांडून पुढे आले. ट्रकची मागची चाकं पुढ्यात येत होती. शेठने हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, रस्ता सोडला आणि रांगेतल्या शेवटच्या कापसाच्या गाडीत घुसले. सायकल गाडीच्या चाकाला धडकली, शेठ वरच्यावर कापसात गेले. कमरेपर्यंत. बाहेर फक्त दोन पाय राहिले, जमिनीपासून वर, नेहमीसारखे.

गाडीवर झोपलेला शेतकरी उठून बसला. तंबाखूचा खर्रा गालात सरकवून त्याने खाली पाहिलं. "हळू या ना, शेठ! तीन दिवसांपासून कोनी इचारून नाही राह्यलं, अन् तुमी तं धावतच आले."

कापसातून आवाज आला, "ओला हाये तुमचा कापूस."

रांगेत हशा पिकला. मी हसलो नाही. मी पल्लवीकडे धावलो. तिची सायकल आडवी पडली होती, चाक फिरत होतं, आणि ती मैलाच्या दगडावर दोन्ही पाय जुळवून उभी होती. ट्रक कधीच निघून गेला होता. मी हात पुढे केला तरी ती खाली उतरेना. ओठ पांढरे पडले होते.

"एकच होता, बाबा," ती म्हणाली. "शेठकाकांनी मला दिला."

मला शेठना बरंच बोलायचं होतं. ते त्या वाक्यापाशी अडलं. पुढे बरेच दिवस मी ते तुकड्या-तुकड्याने बोललो. नियम कोणी मोडला, पोरीला हमरस्त्यावर कोणी नेलं, सगळं बोललो. पण त्यात जोर येत नव्हता, आणि जोर येत नाही याचाही मला राग यायचा.

दुपारी आमच्या ओसरीवर बायकोने त्यांच्या कोपराला हळद लावली. लावताना तीच बोलत होती. "काही वाटतं का शेठ तुम्हाला? माझं लेकरू! एकच आहे मला!" शेठ मान खाली घालून बसले होते. त्यांच्या केसांत अजून कापूस होता.

"तुम्ही स्वतः कशाला चालवता ही?" मी विचारलं. "दुकान तुमचं, पैसा आहे. आपल्या मापाची दुसरी का घेतली नाही आजपर्यंत?"

"हे खराब कुठं झाली?"

"मोठी आहे, शेठ!"

त्यांनी केसांतला थोडा कापूस काढून बोटांत वळला. मग म्हणाले, "मी पल्लवीएवढा होतो. त्या साली कापूस मस्त पिकलता. बापानं आर्वीहून आणली, स्वतः चालवत आणली. मले उभं केलं बाजूले अन् म्हणे, दोन सालात बसशीन तू हिच्यावर बरोबर." त्यांनी कोपरावर फुंकर मारली. "त्यानं जागा ठेवली वाढायले. आपणच नाही वाढलो. त्यात बापाचा काय दोष?"

बायकोने हळदीची वाटी उचलली आणि आत गेली.  

रविवारी आम्ही वीस इंची घ्यायला गेलो. शेठ बोलावलं नसताना आले. सायकलच्या दुकानाला ओटा नव्हता, त्यामुळे ते समोरच्या रस्त्यावर गोल फिरत राहिले आणि प्रत्येक फेरीला एक आक्षेप आत टाकत राहिले.

"चिल्लर हाये!" पहिली फेरी.

"शेठ, उतरा ना, चहा घ्या," दुकानदार म्हणाला.

"कुठं उतरू? तुमाले ओटा बांधता येत नाही?" दुसरी फेरी. "दोन सालात गुडघे लागतीन, बाबूजी! लिहून ठेवा!"

मी तिकडे पाहिलं नाही. पल्लवीला सीटवर बसवलं. सीट थोडी खाली घ्यायला लावली. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली. ब्रेक दाबायला सांगितला, तिने दाबला, मी सायकल ढकलून पाहिली, हलली नाही. घंटी वाजवली. साखळीवर झाकण बसवून घेतलं, कारण तिचा गणवेशाचा स्कर्ट शेठच्या दुकानातला होता आणि तो साखळीत गेल्याशिवाय राहिला नसता. बायकोने घरी आल्यावर तो चार बोटं वर शिवला. मग आठ दिवस मी स्वतः तिच्याबरोबर चौफुलीपर्यंत चालत गेलो. एकच गोष्ट शिकवली: हमरस्ता आला की थांबायचं. दोन्ही पाय खाली. ट्रक वळत असेल तर तो पूर्ण जाऊ द्यायचा, त्याच्या बाजूने पुढे काढायची नाही. उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, पुन्हा उजवीकडे, मग निघायचं. तिला सुरुवातीला थांबायची लाज वाटायची. मोकळ्या रस्त्यावर, कशालाही न धरता, नुसतं उभं राहायचं? तिने तसं कोणाला पाहिलं नव्हतं.

बावीस इंची शेठने परत नेऊन आपल्या दुकानात ठेवली. "मोठी झाली की पोट्टी येईन न्यायले," म्हणाले.

त्यांची दोन वर्षं मात्र चुकली. पल्लवीचे गुडघे हँडलला लागायला तीन वर्षं लागली. तेव्हा ती आठवीत होती. शेठ म्हणाले, "आता? घ्यावी लागून राह्यली ना दुसरी?" मला हो म्हणावं लागलं. बेरजेत ते बरोबर होते. तिने ती बाविसी घेतली. आता तिचे चवडे टेकत होते.

पण त्या वर्षी शेठची फेरी बंद पडली. ट्रकांसाठी रस्ता रुंद केला. मैलाचा दगड गेला. नाल्यावर नवा पूल झाला, त्याला कठड्याऐवजी लोखंडी नळ्या. हापशी बंद पडली होती, ओटा फोडून टाकला. देवळाच्या पाराला जाळी लावली, आमच्या फाटकाशेजारची पाथर नालीच्या कामात गेली. एकेक करून त्यांचे सगळे थांबे गेले. शेठ सायकल हातात धरून चालू लागले. घरातून दुकानापर्यंत आणि दुकानातून घरापर्यंत, चोवीस इंची बाजूला घेऊन, तिच्यावर एक हात ठेवून. आता ते माझ्या शेजारून चालत आणि सरळ बोलता आलं असतं. पण आता ते बोलतच नसत.

पल्लवीने आपली वीस इंची पुसली, तेल दिलं आणि त्यांच्या दाराशी नेऊन लावली. मला विचारलं नाही. शेठ तिच्यावर खेकसले. "म्हातारा पोट्टीची सायकल चालवन का? लोक हसतीन!" सायकल तिथेच राहिली. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. पुढे एक दिवस ताडपत्रीखाली चाकात हवा भरलेली दिसली. 

एका संध्याकाळी मी न्हाणीघराच्या दाराबद्दल बोलायला त्यांच्याकडे निघालो होतो. दाराचं लाकूड सात वर्षांत वाळलं नव्हतं, आणि आमची बदली यवतमाळला झाली होती. जाण्याआधी एकदा तरी त्यांनी ते मान्य करावं असं मला वाटत होतं. गल्लीच्या टोकाकडून शेठ आले. पल्लवीची लाल, बायकी, वीस इंची सायकल. पायडलला ठोकळे नव्हते. माणूस डुलत नव्हता. मी सवयीने मान फिरवायची तयारी केली.

ते माझ्यापुढे आले आणि थांबले. ना ओटा, ना दगड. दोन्ही पाय जमिनीवर, गल्लीच्या बरोबर मध्ये. मागून दूधवाल्याने घंटी वाजवली. शेठ हलले नाहीत. ते खाली आपल्या चपलांकडे पाहत होते. दूधवाल्याने पुन्हा घंटी वाजवली, मग काहीतरी पुटपुटत सायकल नालीच्या कडेने काढली. मीही दाराचं बोलणं सुरू करणार होतो, पण ते ऐकतील असं दिसेना.

"बाबूजी," ते म्हणाले, "याच्यात वाढायले जागाच नाही."

असं म्हणाले, पण उतरले नाहीत.